झिंगलेल्या तबकड्या

दिवाळीची झाडलोट म्हणजे घरोघरचे उत्खननच. माळा उपसायला सुरुवात झाली, की काड्या मोडलेला आकाशकंदील, बिनकानाचे कप, कुणाच्या तरी मुंजीतला पाट असा ऐवज खाली येऊ लागतो. सोलापूरसारख्या जुन्या गावात, नशीब जोरावर असेल तर, जुनेरात गुंडाळलेल्या फोनोच्या तबकड्याही निघतात. गृहिणी म्हणते, "रद्दीवाल्याला देऊन टाका." गृहस्थ म्हणतात, "थांब, आधी नावे तर वाचू!" आणि त्या दिवसाची झाडलोट तिथेच संपते.

या तबकड्यांत नाट्यपदे असतात, भावगीते असतात, पोवाडेही असतात. पण आज त्यांतल्या एका वात्रट जातीविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. ती जात म्हणजे नशेबाजांच्या विनोदाची. दारुडा, भंगड, गांजेकस ही मंडळी शेजारी राहायला आलेली कुणालाही खपत नाहीत. पण तीच मंडळी तबकडीवर, पडद्यावर नि रंगभूमीवर आली, की सोवळ्यातली माणसेसुद्धा पोट धरधरून हसतात. असे का व्हावे?

साता समुद्रांपलीकडची चिलीम

हा गुण एकट्या मराठी माणसाचा नव्हे. अमेरिकेत १९७० नंतर चीच मारिन आणि टॉमी चाँग या जोडगोळीने गांजेकसांच्या गप्पांच्या तबकड्या काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. १९७२ साली निघालेल्या 'बिग बाम्बू'चे वेष्टनच मुळी विडीच्या कागदाच्या पाकिटासारखे होते आणि आत तबकडीबरोबर तसलाच एक भला थोरला कागदही घातलेला होता. पुढल्या वर्षीच्या त्यांच्या 'लॉस कोचिनोस' या तबकडीला तर ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आज तिकडचे शौकीन जुन्या बाजारात 'बिग बाम्बू' हाती लागली, की ती वाजते की नाही हे नंतर पाहतात. आतला कागद शाबूत आहे ना, हे आधी पाहतात. कारण ज्यांनी तेव्हा ती विकत घेतली, त्यांतल्या कित्येकांनी तो कागद नुसता जपून ठेवला नव्हता!

आपल्याकडे त्याच सुमारास, १९७१ साली, देव आनंद यांचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला. राहुलदेव बर्मन यांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायिलेले 'दम मारो दम' घराघरात शिरले आणि आशाबाईंना त्या गाण्याबद्दल फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. गंमत अशी, की चित्रपटाचा सारा रोख नशापाण्याच्या विरुद्ध होता. पण उपदेश थिएटरातच राहिला नि तबकडी तेवढी घरी आली.

बगारामची बाटली

मराठी विनोदाने हा विषय फार आधी हाताळला होता. १९३९ साली आचार्य अत्रे यांनी लिहिलेला नि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रँडीची बाटली' पडद्यावर आला. दामूअण्णा मालवणकर त्यात बगाराम झाले होते. दारूचा थेंबही न चाखलेला हा भाबडा कारकून आजारी माणसाच्या औषधासाठी ब्रँडी शोधत फिरतो, एवढाच काय तो मसाला. पण दामूअण्णांचा तो तिरपा डोळा नि तो गोंधळलेला चेहरा! नायक एक थेंब पीत नाही आणि प्रेक्षक मात्र हसून हसून झिंगतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, हा योगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अशा चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या थिएटराच्या दाराशी विकायला असत. वर नटनटींची चित्रे, आत कथासार आणि गाणी. कथासार हमखास ऐन रंगात येऊन थांबे आणि 'पुढील भाग पडद्यावर पाहा' अशी सूचना असे. आम्हा मुलांचा सारा खजिना म्हणजे या चोपड्या, काड्यापेट्यांवरची चित्रे आणि फोनोच्या सुयांची रिकामी डबी. त्या डबीवर भोंग्यापुढे कान टवकारून बसलेला तो जगप्रसिद्ध कुत्रा असे. डबी मिळवण्यासाठी भावंडांत जी युद्धे झाली, त्यांची नोंद कुठल्याही इतिहासात सापडणार नाही.

पडद्यावरचा सगळ्यांत लाडका बेवडा म्हणजे जॉनी वॉकर. खरे नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. मुंबईच्या बसगाडीत तिकिटे फाडणारा हा कंडक्टर. बलराज सहानींनी त्याला हेरले, गुरुदत्तसमोर त्याने दारुड्याची नक्कल केली आणि १९५१ च्या 'बाजी'त त्याला काम मिळाले. व्हिस्कीचे नाव गुरुदत्तांनीच त्याला चिकटवले आणि ते जन्मभर टिकले. स्वतः हा गृहस्थ दारूला शिवत नसे. झिंगलेल्या माणसाचे सोंग वठवायला डोके ताळ्यावर असावे लागते, याचा याहून चांगला दाखला कुठला द्यावा?

भोंगा फोनोचा आणि भोंगा गिरणीचा

आता जरा सोलापुरात येऊ. आमचे गाव गिरण्यांचे. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मागाहून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या आणि अवघे गाव भोंग्यावर उठू-बसू लागले. फोनोचा भोंगा चार घरांतल्या एखाद्या घरी असे. गिरणीचा भोंगा मात्र सगळ्यांचा. पगाराच्या दिवशी भोंगा झाला, की दरवाजाबाहेर दोन प्रकारची माणसे वाट पाहत. एक सावकाराची नि दुसरी कामगारांच्या बायका. वाटेवरचे शिंदीचे दुकान येण्याआधी पगार हाती पडावा, म्हणून त्या कडेवर मूल घेऊन उभ्या असत.

आमच्या वाड्यात एक विनोदी संवादाची तबकडी होती. तिच्यावरचे नाव घासून घासून पार पुसून गेले होते. रात्री झिंगून आलेला नवरा भलत्याच घराचे दार ठोठावतो आणि आतल्या बाईला स्वतःची बायको समजून दरडावतो, असा सारा मामला. दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. पहिली बाजू संपली, की चावी द्यायची, सुई बदलायची, पालथी घालायची. दार ठोठावल्याचा आवाज आला, की आम्ही मुले लोळण घेत असू. मागल्या खोलीतल्या काकूही पदराला हात पुसत उंबऱ्याशी येऊन बसत. त्यांचे यजमान गिरणीत साच्यावर होते आणि पगाराच्या रात्री त्यांची पावले कशी पडत, हे साऱ्या वाड्याला ठाऊक होते. इतर वेळी काकू खळखळून हसत. मात्र तबकडीवरचे दार वाजले, की त्या उठून आत जात. आईच्या हे ध्यानात आले, तेव्हापासून ती तबकडी काकू असताना लागली नाही. कुणी कुणाला काही बोलले नाही.

मोठेपणी 'एकच प्याला' पाहिला, तेव्हा काकूंचे ते उठून जाणे नीट उमगले. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तोवर गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले होते. त्यांचा तळीराम नि त्याचे ते आर्य मदिरा मंडळ यांनी मराठी माणसाला शंभर वर्षे हसवले आहे. पण वकील सुधाकराच्या हाती पहिला पेला देतो तो हाच तळीराम. पहिल्या अंकातले प्रेक्षागृहाचे हसू शेवटच्या अंकात त्याच प्रेक्षकांच्या घशात अडकते. तबकड्यांवर बालगंधर्वांच्या आवाजातली सिंधूची पदे घरोघर गेली, लोकांनी ती जिवापाड जपली. तळीराम लोकांच्या तोंडी राहिला, सिंधू तबकडीवर राहिली. गडकऱ्यांनी मात्र दोघांना एकाच नाटकात बांधून ठेवले आहे. एकाला घ्यायचे नि दुसरीला सोडायचे, ही सोयच त्यांनी ठेवलेली नाही.

सोलापूरकरांना तर हे वेगळे सांगायला नको. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी इथली माणसे रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला निघाली. पोलिसांचा गोळीबार झाला, गाव पेटले आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढले. आज ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात आपण नाटके पाहतो, त्याच्या नावामागे हा इतिहास आहे. शिंदीच्या झाडावर घातलेल्या कुऱ्हाडीपासून सुरू झालेली गोष्ट फासापर्यंत गेली, असे दुसरे गाव शोधावे लागेल.

मग हसायचेच नाही की काय?

छे! असे कोण म्हणेल? निर्भेळ हसवणाराही ऐवज आपल्याजवळ भरपूर आहे. पु. लं.च्या कथनाच्या ध्वनिफिती तर मराठी घरातल्या वाणसामानाइतक्याच आवश्यक होऊन बसल्या होत्या. आमच्याच जिल्ह्यातल्या अकलूजला १९२७ साली जन्मलेले द. मा. मिरासदार गोष्ट सांगू लागले, की श्रोत्याला पेल्याची गरजच उरत नसे. आणि दारुड्याच्या सोंगालाही हसावे. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, परमिटे आली आणि चोरून पिणाऱ्यांच्या फजितीवर विनोदाचे अमाप पीक आले. त्या विनोदाने ढोंगाची खिल्ली उडवली, हे त्याचे उपकारच म्हणायचे. फक्त आपण हसताना उंबऱ्यावरून कोण उठून गेले, एवढे पाहावे. ज्या घरातली माणसे हे पाहतात, त्या घरात कुठलीही तबकडी खुशाल वाजवावी.

आता जाता जाता, माळ्यावर तबकड्या सापडल्याच तर काय करावे, ते सांगतो. त्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. सोलापूरचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा पत्र्याखाली ठेवू नका, वाकतात. पडू देऊ नका, पापडासारख्या फुटतात. आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी असेल, तर चकाकी आणण्यासाठी स्पिरिटचा बोळा मुळीच फिरवू नका. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर पोसणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख हा या तबकड्यांचा जीव. ही लाख मद्यार्कात विरघळते. दारुड्यांच्या नकला करून तीन पिढ्यांना हसवणारी ती तबकडी स्वतः पक्की सोवळी आहे. एका थेंबानेही तिचा आवाज कायमचा बसतो.