नव्या घरासाठी विजेचा भार किती मागावा?

वसई परिसरात जुनी कौलारू घरे जाऊन त्यांच्या जागी नवे बंगले उभे राहात आहेत. लाद्या, खिडक्या, जिन्याचा कठडा यांची निवड कुटुंब महिनोन्‌महिने करीत असते. विजेच्या जोडणीचा अर्ज मात्र वायरमनच्या भरवशावर भरला जातो. त्या अर्जातील ‘मंजूर भार’ या रकान्याविषयी आम्ही येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

मध्यम आकाराचे घर घेऊ. बारा एलईडी दिवे, सहा पंखे, फ्रीज, टीव्ही, धुलाईयंत्र, मिक्सर व इस्त्री, २ किलोवॅटचे दोन गिझर, दीड टनाचे दोन एसी आणि विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप. या साऱ्यांची बेरीज सुमारे ११ किलोवॅट भरते. परंतु सारी उपकरणे एकाच क्षणी चालत नाहीत. खरी कसोटी सकाळी सहा ते आठ या वेळेत लागते. दोन्ही गिझर, पंप, इस्त्री, मिक्सर, फ्रीज व काही पंखे धरून ७ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ३१ अँपिअर होतात. रात्री एसी चालू असूनही मागणी साडेतीन किलोवॅटच्या आसपासच राहते.

विजेवर चालणारी मोटारगाडी दारी आली की हे गणित बदलते. साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरने रात्रीची मागणी सकाळइतकी होते, ७.४ किलोवॅटचा चार्जर लावल्यास ती ४८ अँपिअरच्या घरात जाते. अशा घराने थ्री फेज जोडणीच मागावी. तिचा स्थिर आकार अधिक असतो, हे खरे. उपकरणे तिन्ही फेजवर समान वाटली तर आपल्या उदाहरणातील संपूर्ण ११ किलोवॅटसाठीही प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच येतात. दोन्ही एसी आणि दोन्ही गिझर एकाच फेजवर टाकले, तर मात्र थ्री फेजचा खर्च व्यर्थच म्हणावयाचा.

मंजूर भार पुढे अर्ज करून वाढविता येतो. भिंतीत गाडलेली तार बदलणे महाकठीण. म्हणून काटकसर करावयाची तर अर्जात करावी, तारेत करू नये. आपल्याकडे वाड्या लांबट असल्याने मीटर फाटकाशी आणि घर आत असते. चाळीस मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर ३० अँपिअरला सुमारे ११ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेचारच्या आत. कमी दाबावर पंपाची मोटार तापते आणि दोष मात्र पंपाला दिला जातो!

एका गोष्टीविषयी आम्हांस विशेष चिंता वाटते. एमसीबी वारंवार पडू लागला की त्या जागी मोठा एमसीबी बसविण्याची प्रथा आमच्या पाहण्यात आहे. एमसीबी राखण करतो ती तारेची. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसविला, तर तार भिंतीत तापत राहील आणि तो पडणार नाही. घरातील माणसे झोपेत असताना त्याचा परिणाम काय होईल, हे सांगणे नलगे. गिझर व एसीसाठी मंडळापासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तार ओढून घ्यावी. चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे तर भार कितीही असो, हवेतच.

गिलावा होण्यापूर्वी परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक तारेची जाडी व तिचा एमसीबी यांची यादी कागदावर लिहून घ्यावी व ती घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.