डिग्रीआधी ओटा

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. घरोघरी जाऊन बोलणारे होते प्रशिक्षण घेतलेले सामान्य कार्यकर्ते. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं; हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. अमरावती-अकोल्यात मानसशास्त्र शिकणाऱ्या विशीतल्या मुलामुलींनी सुरुवात अशा घरोघरच्या बोलण्यातूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. ओट्यावर बसलेला शेतकरी ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘मन लागून नाही राह्यलं’ म्हणतो. हे ऐकणारा कान आधी तयार व्हायला हवा. मात्र ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. टेलिमानस हेल्पलाइन: १४४१६, मोफत, चोवीस तास.