एका फुंकरीची साक्ष

सुटीच्या दिवसांत पनवेल स्टेशनवर उभे राहावे आणि माणसांचा पूर पाहावा. हार्बरची लोकल येथे येऊन थांबते. दिवा, कर्जत आणि रोहा या तिन्ही दिशांचे रूळ येथेच एकमेकांना भेटतात. कोकणात निघालेल्यांचे बोजे, मुलेबाळे, लाडवांचे डबे! पण इंजिनापाशी जाऊन चालकाचा चेहरा न्याहाळणारा प्रवासी मी अजून पाहिलेला नाही. रिक्षात बसताना आपण रिक्षावाल्याकडे दोनदा बघतो. पण शेकडो माणसांना घेऊन काळोखात बोगद्यामागून बोगदे ओलांडणारा माणूस पुरता शुद्धीवर आहे ना, ही शंका आपल्या मनाला शिवतही नाही.

ती शंका आपल्या वतीने दुसरे कोणी तरी घेत असते. गाडीवर जाण्यापूर्वी लोको पायलट, त्याचा सहायक आणि ट्रेन मॅनेजर (२०२२ पर्यंत आपण त्याला गार्ड म्हणत असू) लॉबीत हजेरी लावतात आणि एका यंत्राच्या नळीत फुंकतात. काम संपवून परतल्यावर पुन्हा तेच. मी मराठीचा मास्तर. मला फुंकर ठाऊक ती आईने लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घातलेली. ही फुंकर मात्र साक्ष देणारी आहे, आणि तिच्यावर एका माणसाची भाकरी अवलंबून असते.

रेल्वेचा नियम कडक आहे. गाड्यांच्या वाहतुकीशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या नोकराने कामावर येण्याच्या आधीचे आठ तास दारू, गुंगीचे किंवा उत्तेजक औषध घेता कामा नये, असे १९७६ च्या सामान्य नियमांत सांगितले आहे. नशेमुळे प्रवाशांच्या जिवाला धोका संभवत असेल, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १७२ व्या कलमानुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता थोडे गणित करू. शरीर साधारणपणे तासाला, दर १०० मिलिलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅम मद्य जिरवते. रात्री अकराला एखाद्याच्या रक्तात हे प्रमाण १५० असले, तर सकाळी सातला, म्हणजे बरोबर आठ तासांनी, ३० उरतेच. मोटार चालवणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादाही तेवढीच. म्हणजे घड्याळाकडे बघून नियम पाळणारासुद्धा यंत्रापुढे सापडू शकतो! ‘मी रात्रीनंतर थेंबही घेतला नाही’ असे तो शपथेवर सांगेल आणि ते खरेही असेल. अशा वेळी समोरच्या तपासनिसाला हे गणित ठाऊक हवे.

यंत्राचेही एक गणित आहे. फुप्फुसातील २१०० मिलिलिटर हवेत जेवढे मद्य, तेवढेच एक मिलिलिटर रक्तात, असे ते धरून चालते. परंतु नुकतीच चूळ भरलेल्या औषधी पाण्यातले मद्य तोंडातच रेंगाळत असले, तर आकडा फसवा येतो. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावले, की तोंडातले मद्य ओसरते. पोटातून रक्तात उतरलेले मात्र इतक्यात जात नाही. एवढी पंधरा मिनिटे ज्याला शिकवली नाहीत, त्याच्या हाती सुक्याबरोबर ओलेही जळायचे.

२०२५ च्या फेब्रुवारीत तिरुवनंतपुरम विभागात शहाळ्याचे पाणी, काही फळे, खोकल्याची औषधे आणि होमिओपॅथीच्या गोळ्या यांवरच चालकांना बंदी घालण्यात आली. दोष यंत्रांत आहे, असे चालकांच्या संघटना म्हणत होत्या. अखेर तो आदेश मागे घ्यावा लागला. साप म्हणून भुई धोपटणे ते हेच!

तपासणाऱ्याच्या अधिकाराचा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात १९५९ साली दुरुस्ती होऊन, संशयिताची तपासणी करणारा वैद्य सरकारने अधिकृत केलेला असावा, असे ठरले. पुढे १९७१ मध्ये, आपल्याच राज्यातल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसता तोंडाला वास येणे, झोकांड्या जाणे आणि बोलणे असंबद्ध होणे एवढ्यावरून माणूस प्यालेला होता हे सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रेल्वे कायद्यातही चाचणी घेणाराची नेमणूक रीतसर व्हावी लागते.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधील चेस येथे मालगाडीची इंजिने इशारा ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि सोळा जीव गेले. इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढला होता. या अपघातानंतर, १९९१ साली, तेथे वाहतूक नोकरांच्या चाचणीचा कायदा झाला. आपले फुंकरीचे यंत्र मात्र दारू ओळखते, गांजा किंवा झोपेची गोळी ओळखत नाही. तेथे तपासनिसाचा अनुभवी डोळाच उपयोगी पडतो.

म्हणून मला वाटते, यंत्रावर जेवढा पैसा आपण खर्चू, तेवढीच मेहनत त्यामागे बसणाऱ्या माणसावर घ्यावी. तो बहुधा चालकाच्याच खात्यातला, ओळखीचा, कधी शेजारच्या क्वार्टरमधला असतो. मित्र म्हणून त्याने सोडले, तर गाडीभर माणसे पणाला लागतात. आकस म्हणून अडकवले, तर एक संसार. त्याला रीतसर शिक्षण, लेखी अधिकार, वेळोवेळी तपासलेले यंत्र आणि दुसऱ्या चाचणीची सक्ती, एवढे तरी द्यावे.

आणि ज्यांच्या घरी कोणी रेल्वेच्या गाडीवर जाते, त्या गृहिणींना एक विनंती: खोकला झाला म्हणून कपाटातली बाटली सहज पुढे करू नका. आधी रेल्वेच्या डॉक्टरांना विचारा.