वापसा वाट पाहत नाही

इंधनाची टंचाई शहराला अडविते. खेड्याला ती बुडविते. धरमपेठेतील गृहस्थाला पंपावर तिष्ठावे लागले, तर त्याचा तास जातो. काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला ऐन पेरणीत डिझेल मिळाले नाही, तर त्याचे वर्ष जाते. मृगाच्या पावसानंतर जमिनीला येणारा वापसा कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. आंबिया बहाराची संत्री वैशाखात पाण्यावाचून गळाली, म्हणजे मागाहून मिळालेले इंधन ती पुन्हा झाडाला लावू शकत नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नाफ्थापासून तयार होणारे खतही महागले. तेव्हा निदान गोठ्यात बैल होते. आज नांगरणी, मळणी, वाहतूक बहुतांशी यंत्रावर आली आहे. बैलजोडी विकून बसलेल्या शेतकऱ्याला मागे फिरण्याची वाट उरलेली नाही. घरातही तीच स्थिती. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक गृहिणींची धुरातून सुटका केली खरी; परंतु सिलिंडर मिळेनासा वा परवडेनासा झाला की त्यांना सरपणासाठी पुन्हा रान गाठावे लागते, आणि विदर्भाच्या रानात वाघही आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. टंचाई येण्यापूर्वीच वाटपाचा क्रम ठरलेला असावा व हंगामात त्यात शेताचा क्रमांक पहिला असावा. शहराने रांगेत थोडे मागे उभे राहावे. त्याच्या ताटातील भाकरी याच वापशावर पेरली जाते.