टपाल-तिकिटाएवढे मुखपृष्ठ

दिवाळी अंकांच्या राशीतून आपलाच अंक उचलला जावा म्हणून संपादक मुखपृष्ठावर किती जीव लावीत, हे आपल्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचे चित्र पाहून अंक हाती घेतला आणि आतील कथा मागाहून वाचली, असे महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कितीतरी घरांतून घडलेले आहे. त्या चित्रकारांना निदान वीतभर कागद तरी मिळत असे. आज संगणकावरील खेळ रचणाऱ्या तरुणास त्याच कार्यासाठी कित्येकदा टपाल-तिकिटाहूनही लहान जागा मिळते, आणि त्याची दोन-तीन वर्षांची मेहनत त्या एवढ्याशा चौकटीवर अवलंबून असते.

संगणकावर खेळावयाचे खेळ आता डबीत घालून क्वचितच विकले जातात. २००३ साली निघालेले ‘स्टीम’ हे त्यांचे सर्वांत मोठे दुकान. त्याला ना फळी, ना गल्ला. जे आहे ते पडद्यावरच. एकट्या २०२४ या वर्षात तेथे १८,००० हून अधिक नवे खेळ दाखल झाले. प्रत्येक खेळाच्या मुख्य पाटीसाठी दुकान ९२० × ४३० पिक्सेलचे, म्हणजे पडद्यावरील तेवढ्या ठिपक्यांचे, चित्र मागते. याशिवाय ४६२ × १७४ चे एक छोटे चित्र द्यावे लागते आणि ते दुकान आपण होऊन आणखी आक्रसते. अखेरचे माप १२० × ४५! शोधाच्या याद्यांतून ग्राहकाची नजर सरसर खाली जात असताना त्याला जे दिसते ते असे एखादे इवलेसे चित्र. तेथे बोट थांबले तर पुढचे सारे. न थांबले तर खेळ कितीही उत्तम असो, तो जणू रचलाच गेला नाही.

ही अडचण सर्वच खेळांची आहे. परंतु डावपेचांच्या खेळांची आणखी एक अडचण आहे, आणि तीच मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. मारामारीच्या खेळात एक नायक असतो, त्याच्या हाती तलवार दिली की चित्र झाले. डावपेचांच्या खेळात मात्र नायक म्हणजे खेळणारा स्वतः. त्याचे खरे कर्म म्हणजे विचार करणे: कोणते ठाणे राखावे, कोणते सोडावे, धान्य साठवावे की सैन्य वाढवावे. आता विचाराचे चित्र काढावे कसे? बुद्धिबळाचेच उदाहरण घ्या. बुद्धिबळाच्या पुस्तकांवर, स्पर्धांच्या फलकांवर घोड्याचे मुंडके किती वेळा दिसते! खेळात वजिराचे सामर्थ्य कितीतरी मोठे, आणि सारा डाव राजासाठी. तरी मान घोड्याला. कारण सोंगट्यांत चेहरा असा त्यालाच आहे, आणि नुसती बाह्यरेषा पाहूनही तो ओळखू येतो.

ही गोष्ट अमेरिकेच्या ‘ब्लिझर्ड’ कंपनीने पुरती ओळखलेली होती. तिचा ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ १९९८ साली निघाला. तीन जातींच्या सैन्यांचे हे युद्ध. खेळणारा उंचावरून रणभूमी पाहतो आणि शेकडो बारीक सैनिकांना हुकूम सोडतो. पण खोक्यावर ती रणभूमी नव्हती. एकाच खेळाची तीन वेगवेगळी खोकी निघाली आणि प्रत्येकावर एकेका जातीचा एकच चेहरा, अगदी जवळून पाहिलेला. २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ निघाला, तेव्हा त्यात चार जाती होत्या. खोकीही चार निघाली. दुकानात शिरलेला मुलगा मुखपृष्ठ निवडतानाच आपला पक्ष निवडू लागे. खेळ सुरू होण्यापूर्वीच पहिला निर्णय त्याच्याकडून घडवून आणणारी ही युक्ती मला फार चतुर वाटते.

चेहरा हाच एक मार्ग आहे असे मात्र नव्हे. न्यूझीलंडच्या ‘डायनासोर पोलो क्लब’ या छोट्या मंडळीने २०१५ साली ‘मिनी मेट्रो’ नावाचा खेळ काढला. वाढत्या शहरात भुयारी रेल्वेचे मार्ग आखावयाचे आणि स्थानकांवर प्रवाशांची कोंडी होऊ द्यावयाची नाही, एवढेच त्यातले काम. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक याने आखलेला आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेला नकाशा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच वळणाच्या सरळ रंगीत रेषा या खेळात आहेत आणि मुखचित्रातही त्याच आहेत. तेथे ना माणूस, ना गाडी. तरी नकाशा वाचण्याची आवड असलेला मनुष्य ते चित्र पाहताच समजतो की हा खेळ आपल्यासाठी आहे. ज्याला ती आवड नाही तो पुढे जातो, आणि त्यात कुणाचेच नुकसान नाही.

मुखपृष्ठाने वचन द्यावे, पण पाळता येईल तेवढेच. १९७७ साली अमेरिकेत ‘अटारी’चे खेळयंत्र आले, तेव्हा त्याच्या ‘कॉम्बॅट’ या खेळाच्या खोक्यावर क्लिफ स्पॉन या चित्रकाराने रंगविलेले भव्य युद्ध होते आणि पडद्यावर रणगाडा म्हणून ओबडधोबड चौकोनांचा पुंजका. त्या काळी ते खपले. किंबहुना त्या चित्राच्या आधारेच मुले त्या चौकोनांत रणगाडा पाहत. आता ती सवलत उरलेली नाही. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असता स्टीमवर मागितल्यास पैसे परत मिळतात. चित्रात तुंबळ रणधुमाळी आणि आत शांतपणे हिशेब करण्याचा खेळ, असे निघाले तर ग्राहक तासाभरात माघारी फिरतो आणि जाताना चार कडू शब्द लिहून जातो.

दुकानानेही काही शिस्त घातली आहे. मधल्या काळात लोकांनी या इवल्या चित्रांवर पारितोषिकांची नावे, परीक्षकांचे गुण, ‘इतके टक्के सूट’ अशा आरोळ्या ठासून भरल्या होत्या. १ सप्टेंबर २०२२ पासून ते बंद झाले. आता चित्र, खेळाचे नाव आणि असलेच तर अधिकृत उपनाव, एवढेच चालते. हा नियम मला सर्वस्वी उचित वाटतो. बाजारात सगळेच ओरडू लागले म्हणजे कुणाचेच ऐकू येत नाही.

रंगांविषयी थोडेसे. स्टीमच्या पानांची पार्श्वभूमी गडद निळी असते. युद्ध म्हटले की चित्रकाराचा हात धूर, चिखल आणि रात्र यांकडे वळतो. असे चित्र त्या निळ्यात बुडून जाते. अक्षरांविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या लिपीशी निगडित आहे. छोट्या चित्रात नावाने बहुतेक सारी जागा व्यापावी असे दुकानच सुचविते. रोमन मोठी अक्षरे एका उंचीची असतात, ती पट्टीत बसतात. देवनागरीला वर वेलांटी व मात्रा, खाली उकार. ४५ ठिपक्यांच्या उंचीतून ही वरची-खालची जागा वजा केली की मूळ अक्षराला निम्मीच उरते, आणि जोडाक्षर असले तर त्याचा गोळा होतो. म्हणून देवनागरीत नाव घालावयाचे तर ते आखूड हवे, शिरोरेषा जाड हवी आणि कलाकुसर शून्य हवी.

हे सारे मी एरवी इतक्या बारकाईने पाहिले नसते. माझा एक माजी विद्यार्थी दोन मित्रांसह गेली तीन वर्षे नोकरी सांभाळून असा एक खेळ रचीत आहे. डोंगरी किल्ल्याला वेढा पडला आहे; धान्य, दारूगोळा आणि टाक्यातले पाणी यांची रोजची वाटणी किल्लेदाराने, म्हणजे खेळणाऱ्याने, करावयाची. साठविलेले पैसे संपत आले आहेत आणि चित्रकाराला देण्याजोगी रक्कम एकाच चित्रापुरती उरली आहे. दिवाळीच्या सुटीत तो मुखचित्राचा पहिला आराखडा घेऊन आला. त्यात बुरूज होता, तोफा होत्या, घोडदळ होते, सूर्यास्त होता, आणि वर वळणदार अक्षरांत चार शब्दांचे नाव. मोठ्या आकारात चित्र देखणे होते. १२० × ४५ वर आणले तेव्हा तांबूस डाग दिसला.

“सर, एवढ्या जागेत सगळं बसवायचं कसं?” त्याने विचारले.

“सगळं बसवायचंच कशाला?” मी म्हटले. “तुझ्या खेळात सर्वांत अवघड निर्णय कोणता?”

तो जरा थांबून म्हणाला, “पाण्याचा. शिपायांना द्यायचं की पोराबाळांना.”

“मग तोफा कशाला काढल्यास?”

आठ दिवसांनी तो तीन नवी रेखाटने घेऊन आला. नाव दोन अक्षरांवर आले होते. एकात किल्लेदाराचा चेहरा, दुसऱ्यात डोंगराच्या बाह्यरेषेला विळखा घालणारे तळ, तिसऱ्यात कोरड्या टाक्याच्या काठावर एकच घागर आणि तिच्याकडे दोन बाजूंनी आलेले दोन हात. ही तिन्ही त्याने खऱ्या आकारात आणून दुकानाच्या पानावरील इतर खेळांच्या रांगेत मिसळून दिली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना क्षणभर दाखवून एकच प्रश्न विचारीत सुटला: या खेळात काय करायचं असेल? चेहरा पाहून बहुतेकांनी ‘लढाई’ म्हटले. तळांचे चित्र कुणाला नीट उमगलेच नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी उभ्या आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. त्या घागरीकडे पाहून म्हणाल्या, “पाणी कुणाला द्यायचं, असं काहीसं दिसतंय.”

चित्रकार सध्या त्या घागरीची कड उजळ करीत आहे.