चव जिभेपुरती नाही

चव म्हटली की जीभ, हे समीकरण आपल्या मनात इतके दृढ आहे की घास घशाखाली उतरला म्हणजे चवीचा प्रश्न मिटला, असे आपण गृहीत धरतो. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हीही हेच शिकलो. परंतु गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. जठर व आतडेही आपापल्या परीने चव ओळखतात. हा विषय मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. त्याचे कारण एक बाळ आहे.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात माझ्या दवाखान्यात दहा महिन्यांचे एक मूल आणले गेले. दोन दिवस जुलाब सुरू होते. आदल्या दिवशी मीच ओआरएसची पुडी लिहून दिली होती. तरीही मूल अधिकच कोमेजले होते. डोळे खोल गेले होते, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जात होती. मी विचारले, "आजी, पाणी दिलंत ना?" आजी म्हणाल्या, "दिलं हो डॉक्टरसाहेब. पण खारट लागतं म्हणून तोंड फिरवत होता, तेव्हा चार चमचे साखर घातली. मग थोडं फळांचं सरबतही दिलं. ते मात्र घटाघटा प्यायला."

आजींचा हेतू निर्मळ होता. चूक माझी होती. पुडी एक लिटर पाण्यात कालवायची आणि तीत दुसरे काहीही घालायचे नाही, हे मी समजावून सांगितले नव्हते. शिरेतून सलाइन देऊन मूल सावरले. पण जिभेला जे आवडले ते आतड्याला का मानवले नाही, हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जिभेवरील पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना स्वादग्राही म्हणू. गोड ओळखणारा ग्राही दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. कडू ओळखणारे ग्राही माणसात सुमारे २५ प्रकारचे आहेत. ग्राहीने पदार्थ ओळखला की पेशीच्या आत 'गस्टड्युसिन' नावाचे प्रथिन तो निरोप पुढे नेते. हे प्रथिन १९९२ साली जिभेत सापडले. १९९६ साली जर्मन संशोधकांना तेच प्रथिन उंदराच्या जठरातील व आतड्यातील काही पेशींत आढळले. जिभेचा निरोप्या आतड्यात काय करतो आहे, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

एक जुने कोडे होतेच. साखर तोंडावाटे दिली तर इन्सुलिन जास्त स्रवते आणि तितकीच शिरेतून दिली तर कमी, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले होते. म्हणजे आतडे स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते. ही वर्दी देणाऱ्या संप्रेरकांपैकी एक जीएलपी-१. मधुमेहावरील व वजन घटवण्याच्या ज्या नव्या इंजेक्शनांची आज घरोघर चर्चा आहे, ती याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली आहेत. २००७ साली असे दिसून आले की गस्टड्युसिन नसलेल्या उंदरांत साखर पोटात गेल्यावर जीएलपी-१ नीट स्रवत नाही. त्याच वर्षी दुसरी गोष्ट उमगली. आहारात साखर वाढली की आतडे ती शोषून घेणारे वाहक प्रथिन वाढवते. आणि गोड ओळखणारी यंत्रणा बिघडलेल्या उंदरांत ही वाढ होत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. माणसांत केवळ कृत्रिम गोडी जठरात सोडून जीएलपी-१ वाढलेले दिसले नाही. साखर प्रत्यक्ष पेशीत शिरणे हाच मोठा संकेत असावा, असे आज मानले जाते. आतड्याची ही 'चव' आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचतही नाही.

आता पुन्हा त्या बाळाकडे येऊ. वर उल्लेखिलेले वाहक प्रथिन साखरेबरोबर सोडियम आत नेते व त्यामागोमाग पाणी जाते. ओआरएसचे सारे सामर्थ्य या एका दरवाजात आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यास १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. फळांच्या गोड पेयात साखर याच्या कितीतरी पट असते व मीठ जवळजवळ नसते. शोषली न गेलेली साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. जीभ म्हणते, गोड आहे, आणखी दे. आतडे मात्र प्रमाण पाहते. खरोखर पाणी कमी झालेले मूल ते खारट पाणीही सहसा आवडीने पिते. न प्यायल्यास चमच्याचमच्याने, धीराने द्यावे. साखर घालू नये.

कडू चवीची कथाही रंजक आहे. २०१० साली अमेरिकेत डॉ. दीपक देशपांडे व सहकाऱ्यांनी श्वासनलिकांच्या स्नायूंवर कडू ओळखणारे ग्राही दाखवले. ते उद्दीपित झाल्यावर नलिका सैल होतात. २०१६ साली उंदरांत दिसले की हीच स्वादयंत्रणा बाळगणाऱ्या आतड्यातील पेशी जंतांची चाहूल घेतात व प्रतिकारशक्तीला जागे करतात. गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समज मात्र खरा नाही. जंत होतात ते अस्वच्छ हात, माती व उघड्यावरील शौचामुळे.

आयुर्वेदाने रस जिभेवर कळणारा आणि विपाक पचनान्ती परिणामावरून कळणारा, असा भेद केला व सहा रसांचे तीन विपाक सांगितले. चरकाला आधुनिक ग्राही ठाऊक होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु चवीचे कार्य जिभेवर संपत नाही, ही दृष्टी आपल्याकडे होती, एवढे नम्रपणे म्हणता येईल.

तेव्हा कडू बाळगुटी द्यावी का, असे अनेक आज्या मला विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि वर्षापर्यंत मध मुळीच नाही. कडुलिंब गुढीपाडव्याला मोठ्यांनी जरूर खावा. ज्या बाळाची कथा सांगितली ते आता शाळेत जाते. त्याच्या आजी अजूनही भेटतात आणि शेजारणींना बजावतात, "पुडीत साखर घालायची नाही बरं!" माझ्या एका न सांगितलेल्या वाक्याची त्यांनी अशी भरपाई केली आहे.