आमवात आणि स्टेरॉईड : भीती नको, हिशेब हवा

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, कपाचा कान धरवत नाही. आमवातात, म्हणजे रूमेटॉईड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड लिहिलं, की घरात सल्ले सुरू होतात. त्यातले काही धोक्याचे असतात.

गैरसमज : जिममधली मुलं घेतात तेच हे स्टेरॉईड.
वस्तुस्थिती : जिममधली स्टेरॉईड ही टेस्टोस्टेरॉनची भावंडं. प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलसारखं काम करतं, आणि कॉर्टिसोल मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज बनवतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे याच गटातलं स्टेरॉईड दिलं. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं.

गैरसमज : दुखणं थांबलं, म्हणजे आजार गेला.
वस्तुस्थिती : स्टेरॉईड सूज झपाट्यानं उतरवतं, पण आजार दीर्घकाळ ताब्यात ठेवण्याचं काम मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांचं. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर स्टेरॉईडचा आधार; मग ते कमी करत, जमेल तितक्या लवकर थांबवायचं.

गैरसमज : बरं वाटलं की गोळी आपणच बंद करावी.
वस्तुस्थिती : तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी घेतली, की अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. एकदम बंद केली तर प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणं, प्रसंगी जिवावर बेतणं. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवतात. ताप, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी उलट ती वाढवावी लागू शकते. तेव्हा दातांच्या डॉक्टरांनाही गोळीबद्दल सांगा आणि चिठ्ठी पाकिटात ठेवा.

गैरसमज : हाडं ठिसूळ होणं, शुगर वाढणं हे अटळच.
वस्तुस्थिती : मात्रा किती आणि किती दिवस, यावर बरंच ठरतं. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल सुरुवातीलाच विचारा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या. रात्री उशिरा घेतल्यास झोप उडते. सकाळच्या गोळीनं शुगर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा आकडा चांगला आला तरी निर्धास्त राहू नका, जेवणानंतरचीही तपासा. रक्तदाब आणि डोळ्यांवर लक्ष हवं. स्टेरॉईडमुळे संसर्गाची लक्षणं झाकली जातात, त्यामुळे बारीक तापही अंगावर काढू नका. पूर्वी टीबी झाला असेल तर आधीच सांगा.

गैरसमज : स्टेरॉईडपेक्षा जडीबुटीची पुडी बरी.
वस्तुस्थिती : सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत वारंवार आढळलं आहे. दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर शंका घ्या. यात स्टेरॉईड रोज पोटात जातं, पण किती ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मात्रा उतरवणंही अवघड होतं. बरेच दिवस अशी पुडी घेत असाल, तर भीतीनं एकदम सोडू नका. उरलेली पुडी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रागावतील म्हणून लपवू नका. पुढचे उपचार याच माहितीवर ठरणार आहेत.